पन्नास हजारांचा संगणक

सन 2023 ची दिवाळी जवळ आली होती. कल्याणच्या एका चाळीतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, रात्रीची जेवणे आटोपली की रोज एकच खल चाले. घरात संगणक घ्यावयाचे ठरले होते. थोरली बहीण तंत्रनिकेतनात शिकत होती. यंत्रांची रेखाटने तिला संगणकावर काढावी लागत आणि त्यासाठी ती दर रविवारी मैत्रिणीच्या घरी जात असे. धाकटा भाऊ सातवीत होता. मोटारींच्या शर्यतीचा खेळ आपल्याही घरी असावा, ही त्याची फार दिवसांची इच्छा होती. दोघांची गरज एकाच यंत्राने भागवावयाची होती. कारण दुसऱ्या यंत्रापुरता पैसा घरात नव्हता.

वडील एस.टी.च्या आगारात यांत्रिक होते. पोस्टातील आवर्त ठेवीची मुदत भरली, तेव्हा त्यांनी तीतून 30,000 रुपये काढले. शिकवण्या करून साठवलेले 20,000 रुपये थोरलीने त्यांत घातले. पैशांचे पाकीट मुलांपुढे ठेवून वडील म्हणाले, “एवढेच आहेत. यातच सारे बसवा. नीट विचार करून घ्या. कारण चुकीचे घेतलेत, तर पुढची काही वर्षे ती चूकच वापरावी लागेल.”

बाजारात तयार संगणकही मिळतात. तथापि सुटे भाग घेऊन संगणक जुळवला, तर कोणत्या भागावर किती खर्च करावा हे आपल्या हाती राहते. सुदैवाने मॉनिटर, कळफलक आणि माऊस या तीन वस्तू शेजारच्या काकांनी आधीच देऊ केल्या होत्या. तेव्हा उरलेल्या सात भागांचीच निवड करावयाची होती: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट.

धाकट्याने उत्साहाने यादी केली. सर्वांत वर त्याने 24,000 रुपयांचा प्रोसेसर लिहिला. त्याला शोभेल असा 14,000 रुपयांचा मदरबोर्ड घेतला. त्याखाली काचेच्या बाजू असलेले, रंगीबेरंगी दिव्यांनी उजळणारे 7,000 रुपयांचे कॅबिनेट लिहिले. बेरीज केली, ती 45,000 झाली. उरलेल्या 5,000 रुपयांत रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस कसेबसे बसले असते. परंतु ग्राफिक्स कार्डासाठी एक पैही शिल्लक राहत नव्हती.

ताईने यादी वाचली आणि ती हसली नाही. तिने विचारले, “अरे, शर्यतीतली मोटार पडद्यावर रंगवणार कोण?”

“प्रोसेसर,” तो म्हणाला.

“म्हणजे आधी हेच समजून घ्यायला हवे,” ताई म्हणाली आणि तिने वहीचे कोरे पान उघडले.

खेळातील चित्र हे सिनेमासारखे आधी काढून ठेवलेले नसते. खेळणारा जसा वळेल, तसे ते त्या क्षणी नव्याने काढावे लागते. साध्या मॉनिटरवर आडवे 1,920 आणि उभे 1,080 ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात 20,73,600 ठिपके झाले. असा मॉनिटर सेकंदाला 60 चित्रे दाखवतो. याचा अर्थ, दर सेकंदाला 12 कोटी 44 लक्ष 16 हजार ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भागच येतो.

हे काम दोघे मिळून करतात. मोटार कोठे पोहोचली, ती कशाला धडकली, समोरून कोण आले, याचा निर्णय प्रोसेसर करतो. नाटकातील सूत्रधाराप्रमाणे तो सांगत जातो आणि ग्राफिक्स कार्ड त्याच्या सांगण्याबरहुकूम चित्र रंगवते. प्रोसेसरमध्ये थोडेच, पण हरहुन्नरी कारागीर असतात. ते अवघड निर्णय झटपट करतात. ग्राफिक्स कार्डात साधी कामे करणारे हजारो कारागीर एका वेळी राबतात. लक्षावधी ठिपके रंगवण्यास असे पुष्कळ हातच लागतात. यंत्राचे रेखाटन पडद्यावर गरगर फिरवून सर्व बाजूंनी पाहतानाही कार्डाचा उपयोग होतो. म्हणजे जे कार्ड भावाच्या खेळाला हवे होते, तेच बहिणीच्या अभ्यासालाही उपकारक होते.

ताई पुढे म्हणाली, “समज, प्रोसेसर सेकंदाला 120 चित्रांची तयारी करतो आणि कार्ड 30 चित्रेच रंगवू शकते. मग पडद्यावर किती दिसतील?”

“तीसच,” धाकटा विचार करून म्हणाला.

“आणि कार्ड 120 रंगवणारे घेतले, पण प्रोसेसर 30 चीच तयारी करू शकला तर?”

“तरीही तीसच! दोघांत जो कमी, त्याच्याइतकेच काम होणार.”

वडील सुपारी कातरीत ऐकत होते. त्यांचे बालपण खेड्यात गेले होते. ते म्हणाले, “गाडीला एका बाजूला दांडगा खिलारी बैल जुंपला आणि दुसऱ्या बाजूला वासरू, तर गाडी वासराच्याच चालीने जाते, बाळ. खिलाऱ्याचे पैसे मात्र पुरे मोजावे लागतात.”

या एका दृष्टांताने धाकट्याची यादी उलटीपालटी झाली. दोन्ही बैल सारख्या चालीचे हवेत, आणि गाडी जेवढ्या वेगाने न्यावयाची तेवढ्याच दमाचे पुरेत, हे त्याला पटले. त्यांचा मॉनिटर सेकंदाला 60 हून अधिक चित्रे दाखवू शकत नव्हता; मग 200 चित्रे तयार करणारे यंत्र घेऊन उरलेली चित्रे पाहणार कोण? त्याचप्रमाणे ज्या मॉनिटरवर आडवे 3,840 आणि उभे 2,160 ठिपके असतात, त्याच्या चित्रात 82,94,400, म्हणजे बरोबर चौपट ठिपके भरतात. तेवढे रंगवण्यासाठी फार महागडे कार्ड लागते. साध्या मॉनिटरसाठी मध्यम कार्ड पुरेसे होते. मॉनिटर पाहून कार्ड निवडावे आणि कार्ड पाहून प्रोसेसर, असा क्रम दोघांनी वहीत लिहून ठेवला.

प्रोसेसर घ्यावयाचा तो मध्यम प्रतीचा, परंतु नव्या घडणीचा, असे ठरले. काही प्रोसेसरांत चित्र काढणारा लहानसा भाग अंगचाच असतो. इंटेल कंपनीच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी नुसते ‘एफ’ अक्षर येते, त्यांत तो नसतो. म्हणून ते थोडे स्वस्त मिळतात. वेगळे कार्ड घ्यावयाचेच होते. तेव्हा ताईने ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर पसंत केला. ज्याला कार्ड आजच घेणे परवडत नाही, त्याने मात्र अंगचा चित्रभाग असलेला प्रोसेसर घ्यावा आणि कार्डासाठी वर्षभर पैसे साठवावेत, हे शहाणपणाचे असते.

मदरबोर्ड म्हणजे साऱ्या भागांना एकत्र जोडणारी पाटी. येथे दिखाऊपणाला महत्त्व नसून मिळते-जुळतेपणाला असते. प्रोसेसरची बैठक आणि बोर्डावरची खाच एकाच जातीची असावी लागते. रॅमचेही तसेच. त्या काळी बाजारात डीडीआर-4 आणि डीडीआर-5 अशा दोन पिढ्यांची रॅम मिळत होती. दोहोंना 288 स्पर्शक असतात. परंतु मधली खाच वेगळ्या ठिकाणी असल्याने एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही. डीडीआर-5 अधिक वेगवान खरी. परंतु तिच्यासाठी बोर्डही महाग घ्यावा लागला असता आणि तो पैसा कार्डातून कापला गेला असता. म्हणून जुन्या पिढीची रॅम आणि तिला चालणारा बोर्ड निवडण्यात आला. बोर्डावर दुसरी एसएसडी बसवण्यास मोकळी जागा असल्याची खात्री करण्यास ताई विसरली नाही.

“रॅम आणि एसएसडी दोन्हींत माहितीच ठेवतात ना? मग दोन वस्तू कशाला?” धाकट्याने विचारले.

“आपल्या स्वयंपाकघरात फडताळ आहे आणि ओटाही आहे,” ताई म्हणाली. “डबे फडताळात असतात, पण भाजी चिरताना लागेल ते ओट्यावर काढून घ्यावे लागते. एसएसडी म्हणजे फडताळ, रॅम म्हणजे ओटा. वीज गेली की ओटा रिकामा होतो. फडताळातले मात्र राहते.”

रॅम 16 जीबी घेण्याचे ठरले. परंतु एकच पट्टी न घेता 8 जीबीच्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्यांमुळे माहितीला ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात. एसएसडी 500 जीबीची ठरली. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि माहिती शोधण्यास वेळ लागतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिच्यामुळे खेळातील चित्रे अधिक वेगाने रंगत नाहीत. परंतु खेळ उघडण्यास लागणारा वेळ पुष्कळ वाचतो.

दिवाळीची सुट्टी लागली, त्या दिवशी सकाळी दोघे भावंडे घरून निघाली. दादरला गाडी बदलून ती ग्रँट रोड स्थानकावर उतरली. तेथून जवळच लॅमिंग्टन रोड आहे. त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु जुनेच नाव लोकांच्या तोंडी बसलेले आहे. संगणकाच्या भागांची ही मुंबईतील प्रसिद्ध बाजारपेठ होय. रस्त्याच्या दुतर्फा लहान लहान दुकाने, दारात खोक्यांच्या चळती आणि हातगाड्यांची वर्दळ पाहून धाकटा चकित झाला. ताईने मात्र एकदम खरेदी केली नाही. तीन दुकानांत भाव विचारून तिने ते वहीत टिपून घेतले आणि मगच एका वयस्कर दुकानदाराकडे ती थांबली.

तेथे पहिला मोह पुढे आला. दुकानदाराने वापरलेले एक ग्राफिक्स कार्ड दाखवले. किंमत 12,000, नवे 21,000 ला होते. धाकट्याचे डोळे चमकले. सन 2020 आणि 2021 मध्ये जगभर ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा पडला होता. आभासी चलन मिळवण्यासाठी पुष्कळ लोक अशी कार्डे रात्रंदिवस चालवीत. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्याच्यासाठी कार्डांची गरज उरली नाही. तेव्हा राबवून घेतलेली अनेक कार्डे जुन्या बाजारात आली. जुनी वस्तू घेणे यात काही वावगे नाही. परंतु ती चालवून पाहावी आणि तिची वॉरंटी किती उरली ते विचारावे.

“काका, हे तासभर चालवून दाखवाल का? आणि वॉरंटी किती शिल्लक आहे?” ताईने विचारले.

“वॉरंटी संपली, बेटा. आणि आज गर्दी आहे, चालवून दाखवणे जमायचे नाही,” दुकानदार प्रांजळपणे म्हणाला.

“मग नवेच द्या,” ताई म्हणाली. “बाबांची ठेव आहे, तिच्यावर जुगार नको.”

दुसरा मोह याहून अवघड होता आणि तो एकट्या धाकट्याच्याच वाट्याला आला. एसएमपीएस हा भाग घरातील 230 व्होल्टची वीज घेऊन संगणकाला लागणारी अल्प दाबाची वीज पुरवतो. ताईने हिशेब करून आणला होता: प्रोसेसर अधिकात अधिक 90 वॅट, कार्ड 132 वॅट, बाकीचे भाग मिळून 50 वॅट, एकंदर 272 वॅट. कार्ड एखाद्या क्षणी एकाएकी अधिक वीज ओढते. पुढेमागे मोठे कार्ड घ्यावेसेही वाटेल. म्हणून 550 वॅटचा एसएमपीएस तिने निवडला होता. त्याची किंमत 3,900 रुपये होती.

ताई बोर्ड तपासण्यात गुंतली होती. इतक्यात दुकानातील एका पोऱ्याने धाकट्यापुढे दुसरा एसएमपीएस ठेवला. त्यावरही वॅटचा मोठा आकडा छापलेला होता आणि किंमत होती अवघी 900 रुपये. 3,000 रुपये वाचत होते! तेवढ्यात 2,600 च्या साध्या कॅबिनेटऐवजी काचेचे, दिव्यांचे कॅबिनेट जवळजवळ येत होते. ते समोरच काउंटरवर झगमगत होते. धाकट्याने तो स्वस्त एसएमपीएस उचलला. तो हाताला फारच हलका लागला. त्याच्यावर कार्यक्षमतेच्या कोणत्याही प्रमाणपत्राचा शिक्का नव्हता. ताईच्या पसंतीच्या एसएमपीएसवर ‘80 प्लस’ हा शिक्का होता. भिंतीतून घेतलेल्या दर 100 वॅटांपैकी 80 हून अधिक वॅट संगणकापर्यंत पोहोचतात, असा त्याचा ढोबळ अर्थ. हा शिक्का कार्यक्षमतेपुरताच असतो. म्हणून दाब वाढला किंवा तारा एकमेकींना चिकटल्या, तर वीज आपोआप तोडण्याची सोय त्यात आहे की नाही, हेही ताईने खोक्यावर वाचून घेतले होते. हलक्या खोक्यावर तसे एक अक्षरही नव्हते.

त्या क्षणी धाकट्याला वडिलांचे रोजचे बोलणे आठवले. आगारातून आले की ते म्हणत, “गाडीला पैसा घालायचा तर आधी ब्रेकला घालावा, मग रंगाला.” एसएमपीएस बिघडला, तर तो एकटा जात नाही, 21,000 चे कार्ड आणि सारा संगणकही घेऊन जाऊ शकतो. धाकट्याने झगमगत्या कॅबिनेटकडे एकदा पाहिले, हातातला एसएमपीएस परत ठेवला आणि तो म्हणाला, “नको. ताईने सांगितला आहे तोच द्या.” ताईने हे दुरून ऐकले. ती काही बोलली नाही. परंतु तिच्या मुद्रेवर समाधान उमटले.

कॅबिनेट साधेच घेतले. मात्र कार्ड त्यात मावेल की नाही, हे ताईने दोन्हींची लांबी पट्टीने मोजून पाहिले. आणि वारा आत येण्यास पुढील बाजूस जाळी आहे हेही पाहिले. सर्व वस्तूंचे पक्के बिल घेतले. कारण वॉरंटीचा दावा त्या कागदावरच चालतो. वहीतील शेवटचा हिशेब असा होता:

प्रोसेसर 8,200
मदरबोर्ड 7,800
रॅम 3,600
ग्राफिक्स कार्ड 21,000
एसएसडी 2,900
एसएमपीएस 3,900
कॅबिनेट 2,600
एकूण 50,000 रुपये

हे भाव त्या दिवसाचे होते. संगणकाच्या भागांच्या किमती सतत चढत-उतरत असतात. परंतु कोणत्या भागाला अधिक वाटा द्यावा, हा विचार सहसा बदलत नाही.

पाडव्याच्या सकाळी जुळणी सुरू झाली. अंगात साठलेली स्थितिक वीज नाजूक भागांना इजा करते. म्हणून दोघांनी आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून ती घालवली. बोर्डाच्या खाचेत 1,700 बारीक स्पर्शक होते. त्यांना बोट न लावता, कोपऱ्यावरची त्रिकोणी खूण जुळवून ताईने प्रोसेसर अलगद ठेवला. त्याच्या खोक्यातच पंखा आला होता. तो वर बसवला. धाकट्याने रॅमच्या पट्ट्या खाच पाहून दाबल्या. दोन्ही बाजूंनी ‘टक्’ असा आवाज आला. शेवटी कार्ड बसवले, तारा जोडल्या आणि वडिलांच्या हातून कळ दाबवली.

पंखे फिरू लागले. मॉनिटर मात्र काळाच राहिला.

धाकट्याचा चेहरा उतरला. “जळले का ग सगळे?” तो हळूच म्हणाला. वडिलांनी घाई केली नाही. “आधी वीज कुठवर पोहोचली ते पाहा, मग घाबरा,” ते म्हणाले. ताईने यंत्र बंद करून एकेक तार तपासली. सर्व तारा बरोबर होत्या. धाकटा कॅबिनेटच्या मागे वाकून पाहत होता. एकाएकी तो ओरडला, “ताई, मॉनिटरची तार आपण बोर्डाला जोडली आहे! आपला प्रोसेसर ‘एफ’चा. त्याला चित्र काढताच येत नाही!”

तार काढून त्याने ती कार्डाला जोडली. कळ दाबली. मॉनिटरवर शुभ्र अक्षरे उमटली. बिऱ्हाडात आनंदीआनंद झाला.

पहिल्या दिवशी पहिला मान ताईच्या रेखाटनाला मिळाला. दाते असलेले एक चक्र पडद्यावर सावकाश फिरू लागले आणि वडील ते बराच वेळ पाहत राहिले. संध्याकाळी मोटारींची शर्यत झाली. कॅबिनेट साधे होते. त्यात एकही दिवा नव्हता. परंतु त्याच्या आत काय आहे, प्रत्येक वस्तू तेथे का आहे आणि तिला किती पैसे पडले, हे त्या घरातील सातवीतला मुलगा न अडखळता सांगू शकत होता.

अभ्यास

1. धाकट्याच्या पहिल्या यादीत कोणता मोठा दोष होता?
2. बैलांच्या जोडीचा दृष्टांत वडिलांनी का दिला? तो तुमच्या शब्दांत सांगा.
3. फडताळ आणि ओटा यांची तुलना कोणत्या भागांशी केली आहे? का?
4. स्वस्त एसएमपीएस परत ठेवताना धाकट्याच्या मनात कोणते विचार आले असतील, ते लिहा.
5. मॉनिटर काळा का राहिला? त्याचे कारण पाठात आधी कोठे सूचित झाले आहे?
6. एकूण खर्चाचा शेकडा किती भाग ग्राफिक्स कार्डावर खर्च झाला? गणित करून सांगा.
7. पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा: सांगण्याबरहुकूम, प्रांजळपणे, चेहरा उतरणे, उलटीपालटी होणे.
8. तुमच्या घरी एखादी वस्तू विचारपूर्वक विकत घेतली असेल, तर त्या खरेदीचे वर्णन पंधरा ओळींत लिहा.